प्लास्टरबाई आणि टेलरमास्तरांचा खांदा

अपघात विभागाच्या दारातून आत आलं की डाव्या हाताची तिसरी खोली प्लास्टरची. तिथं पाटी लावायची कधी कुणाला गरज वाटली नाही. फरशीवर, नळावर, दाराच्या कडीवर, इतकंच काय भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवरही पांढरे ठिपके होते, आणि किती वाजले ते बघायचं तर आधी काच नखानं खरवडावी लागे. या खोलीत सव्वीस वर्षं जिचं राज्य होतं तिला सगळे प्लास्टरबाई म्हणत. तिचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथंच ते सुखी होतं.

बाई ठेंगणी, अंगानं भक्कम, आणि आवाज असा की तिनं "पाय हलवू नका" म्हटलं तर शेजारच्या खोलीतला माणूसही पाय आखडून बसे. मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालणं हे तिचं कागदावरचं काम. पण डॉक्टरांना तिची खरी गरज लागे ती सांधा निखळून कुणी आला की. निखळलेला खांदा बसवायचा म्हणजे एकानं हात ओढायचा आणि दुसऱ्यानं माणूस धरून ठेवायचा, नाहीतर हाताबरोबर अख्खा माणूसच पलंगावरून खाली येतो. त्यासाठी खोलीत एक जाडी चादर होती. तिची लांब घडी करून ती काखेखालून छातीभोवती घ्यायची, दोन्ही टोकांची गाठ बाईच्या कंबरेमागं मारायची आणि बाईनं मागं रेलायचं. एकदा ही बाई रेलली की पलंग हलेल पण बाई हलणार नाही, असं हाडांच्या विभागाचे मोठे सर नव्या डॉक्टरांना सांगत. हे कौतुक की टोमणा, ते बाईनं कधी तपासून बघितलं नाही.

तिची खरी करामत मात्र कंबरेत नव्हती, तोंडात होती. दुखऱ्या सांध्याभोवतीचे स्नायू मूठ आवळावी तसे आवळून बसतात. माणूस जितका घाबरेल तितकी मूठ घट्ट. अशा माणसाला "अंग सैल सोडा" म्हणून सांगणं म्हणजे झोप न येणाऱ्याला "झोपा" म्हणून दम देणं. त्यातून माणसं खोटं बोलतात. सांधा कसा निखळला म्हणून विचारलं की जो तो न्हाणीघरात पाय घसरला म्हणतो. केसपेपरवर जितके पाय न्हाणीघरात घसरले होते तितकी न्हाणीघरं त्या शहरात नव्हती. आणि कसा निखळला हे कळल्याशिवाय हाड कुठल्या बाजूला पळालं असेल याचा अंदाज लागत नाही.

बाई या दोन्हींवर एकच औषध देई. ती कधीही "काय झालं" म्हणून विचारत नसे. ती स्वतःच सांगून टाकी, आणि ते खऱ्याहून वाईट सांगे. गुडघ्याची वाटी सरकलेल्या एका तरुणाला ती म्हणाली होती, कुणाच्या तरी भिंतीवरून पळताना पडलेला दिसतोयस. तो खवळला. म्हणाला, पळत कशाला असेन, आरशासमोर नाचत होतो. नाच कसला, कुठलं पाऊल चुकलं, हे तो रागारागानं समजावून सांगत असताना डॉक्टरांनी पाय सरळ केला आणि वाटी जाग्यावर गेली. जबडा निखळलेल्या एका वकिलांना तर बोलताच येत नव्हतं. बाई म्हणाली, बायकोवर ओरडताना निखळला असणार. वकिलांनी खुणेनं कागद मागितला आणि जांभई देताना कसं झालं ते मुद्देसूद लिहायला घेतलं. तिसऱ्या मुद्द्याला जबडा बसला, तरी त्यांनी पान पुरं करूनच दिलं.

असले किस्से बाई रोज जेवताना नवऱ्याला सांगे. तो ऐके, हसे, आणि पुढच्या वेळी बाई एखादी गोष्ट विसरली तर आठवण करून देई.

नवरा म्हणजे टेलरमास्तर. बसस्टँडमागं त्याचं छोटं दुकान. काडीसारखा माणूस, बोलणं मऊ, आणि कापड कापताना हात असा फिरे की कात्रीचा आवाजसुद्धा मोजून येई. व्यसन म्हणाल तर पान नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. एकच नाद होता, विजेच्या वस्तू उघडायचा. घरातली कुठलीही वस्तू कुरकुरली की मास्तरांची पत्र्याची पेटी बाहेर येई. तीत पेचकस, पक्कड, चिकटपट्टी आणि आजवर उघडलेल्या प्रत्येक वस्तूतून उरलेले दोन-दोन स्क्रू. गेल्या साली त्यांनी दारावरची घंटी दुरुस्त केली होती. त्या दिवशी कुणी घंटी वाजवली की न्हाणीघरातला दिवा जाई. नेमकी बाई डोक्याला साबण लावून आत असताना पोस्टमन आला. त्या दिवशी बाईनं नवऱ्याला समोर बसवून सांगितलं की यापुढं वायरीला हात लावलात तर ही पेटी मी भंगारवाल्याला देईन आणि तुम्हाला वर फुकट देईन. मास्तरांनी कानाला खडा लावला. बाईच्या हिशेबी प्रकरण मिटलं.

आणि मग त्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, दुकानाशेजारचा चहावाला मास्तरांना रिक्षात घालून अपघात विभागात घेऊन आला.

मास्तरांनी उजवा हात पोटाशी धरला होता, डाव्या हातानं सांभाळत, तान्हं मूल आणावं तसा. चेहरा पांढराफटक. बाईला बघताच ते हसायचा प्रयत्न करून म्हणाले की स्टुलावरून पडलो, वरच्या फळीवरचं कापड काढताना. चहावाल्यानं छताकडं बघितलं. त्यानं काही पाहिलं नव्हतं, नुसती किंकाळी ऐकली होती, आणि रिक्षा थांबवून ठेवली आहे असं सांगून तो गेला.

ड्युटीवर छोटे डॉक्टर होते. मुलगा हुशार, पण या विभागात येऊन आठवा दिवस. त्यात त्याच सकाळी त्यांनी घातलेलं एक प्लास्टर बाईनं रुग्णासमोर काढून पुन्हा घातलं होतं, आणि काढताना "ह्याला प्लास्टर नाही, गिलावा म्हणतात" असं म्हणून गेली होती. त्यामुळं आता ते बाईशी अगदी शुद्ध आणि गार भाषेत बोलत होते. त्यांनी मास्तरांचा खांदा चाचपला, समोरून एक एक्स-रे काढून आणला आणि सांगितलं, हाड मोडलेलं नाही, निखळलेलंही नाही. मुका मार आहे. हात झोळीत ठेवा, गोळ्या घ्या, आठ दिवसांनी या.

मास्तरांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. बाईनं तो बघितला आणि ती पुढं झाली. दुखणारा माणूस सुटल्यासारखा दिसतो, तेव्हा तो दुखण्यातून नाही, कशातून तरी दुसऱ्याच सुटलेला असतो, हे तिला सव्वीस वर्षांत पाठ झालं होतं.

तिनं मास्तरांना हात पुढं करून तळवा वर वळवायला सांगितला, कुणी काही हातावर ठेवणार असल्यासारखा. तळवा वळेना. कोपर बाहेर काढायला गेलं तर हात कुलूप लावल्यासारखा घट्ट. खांद्याची पुढची बाजू सपाट, मागं उंचवटा. तिनं एक्स-रे उजेडासमोर धरला. दंडाच्या हाडाचं वरचं टोक नेहमी छत्रीच्या मुठीसारखं एका बाजूला वळलेलं दिसतं. इथं ते विजेच्या दिव्यासारखं गोल गरगरीत दिसत होतं. खांदा मागच्या बाजूला निखळला होता. शंभरात दोन-तीनच खांदे असे मागं जातात आणि समोरून काढलेल्या फोटोत ते साळसूदपणे जाग्यावर असल्यासारखे दिसतात. असा खांदा एक तर झटके आलेल्या माणसाचा असतो नाहीतर विजेचा धक्का बसलेल्याचा, कारण तेव्हा अंगातले सगळे स्नायू एकदम आवळतात आणि हाडाला मागं खेचून नेतात. मास्तरांना झटके कधी आले नव्हते.

तेवढ्यात बाईला अंगुस्तान दिसलं. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ती धातूची टोपी. मास्तर ती मधल्या बोटात घालत. आज ती पहिल्या बोटात होती. बाईनं ती ओढून काढली. खाली बोटाचं टोक भाजून पांढरं पडलेलं. मास्तर लगेच म्हणाले, इस्त्रीचा चटका, शिंप्याला रोजचाच.

बाई डॉक्टरांकडं गेली. बाजूनं आणखी एक फोटो काढा म्हणाली. डॉक्टर म्हणाले, फोटोवाल्यानं कालच मोठ्या सरांकडं माझी तक्रार केलीय, विनाकारण फोटो काढायला पाठवतो म्हणून. चिठ्ठीवर कारण लिहिल्याशिवाय तो दुसरा काढायचा नाही. आणि स्टुलावरून पडण्याला दुसरं कारण काय लिहू? बाईनं धक्क्याचं सांगितलं. डॉक्टरांनी मास्तरांना तिथूनच विचारलं, "काका, करंट लागला होता का?" मास्तर म्हणाले, "छे." डॉक्टरांनी बाईकडं बघितलं. नजरेत वाईटपणा नव्हता, फक्त गिलावा होता.

"बाई, काकांनी स्वतः सांगितलं तर मी या मिनिटाला लिहून देतो. तुम्ही म्हणता म्हणून कसं लिहू? तुम्ही तर घरच्या."

मोठे सर शस्त्रक्रियेत होते आणि दोन तास तरी बाहेर येणार नव्हते. झोळी तयार होती. बाईला एक माणूस आठवला. असाच मुका मार म्हणून घरी गेलेला, तीन महिन्यांनी परत आलेला. तोवर हाड मागंच रुजून बसलं होतं, शस्त्रक्रिया करूनही त्याला स्वतःच्या डोक्यावरून कंगवा फिरवता येत नव्हता. तो बिचारा कारकून होता, डाव्या हातानं सह्या करायला शिकला. शिंपी डाव्या हातानं काय शिकणार?

तिनं स्टूल ओढलं आणि नवऱ्याशेजारी बसली. आधी तिनं आपलं नेहमीचं औषध काढलं. म्हणजे स्टुलावर चढून तुम्ही समोरच्या ब्यूटी पार्लरच्या खिडकीत डोकावत होतात, असं अगदी गंभीर तोंडानं म्हणाली. मास्तरांना दुखत होतं तरी हसू आलं.

"अगं, ही युक्ती तू मला शंभर वेळा जेवताना सांगितलीयस. मी काय तुझा वकील आहे?"

मग तिनं समजावलं. हात जाईल, कात्री जाईल, दुकान जाईल. मास्तर म्हणाले, डॉक्टर शिकलेले आहेत, ते मुका मार म्हणतात. तिनं सांगितलं, पेटी देणार नाही, शपथ. कापड आटणार नाही म्हणणाऱ्या दुकानदाराकडं बघावं तसं मास्तरांनी तिच्याकडं बघितलं. हीसुद्धा युक्ती आहे असं त्यांना वाटणं साहजिकच होतं. ज्या बाईनं आयुष्यभर लोकांकडून खरं काढायला खोटं वापरलं, तिच्याकडं खऱ्याचं भांडवल फार नसतं. नवऱ्याला सांगता येईल असं एकच खरं तिच्यापाशी शिल्लक होतं, आणि ते तिनं सोळा वर्षं डाळीच्या डब्यामागं लपवल्यासारखं लपवलं होतं.

"घंटी कुणी नीट केली माहितीय?" ती म्हणाली.

"मीच. दुसऱ्या दिवशी आपोआप नीट चालायला लागली नाही का? वायरी बसायला वेळ लागतो."

"वायरमननं केली. तुम्ही दुकानात गेल्यावर. मीच बोलावलं होतं."

बाईनं डोळे फरशीवरच्या ठिपक्यांकडं लावले आणि एकेक सांगत गेली. पाणी तापवायचा हीटर, वायरमन. मिक्सर, वायरमन. टेबलावरचा दिवा, वायरमन, आणि तो दोनदा. सोळा वर्षांत मास्तरांनी हात लावलेली एकही वस्तू अशी नव्हती की जी दुसऱ्या दिवशी दुपारी वायरमननं पुन्हा उघडली नव्हती. तो मागच्या दारानं येई आणि मास्तरांच्या पेटीत उरलेल्या दोन स्क्रूंच्या जागी आपल्या खिशातले दोन लावून जाई.

"पंखासुद्धा?" मास्तरांनी विचारलं.

"पंखासुद्धा."

"पंख्याला मी तीन तास घालवले होते गं."

"त्यानं दहा मिनिटं."

मास्तरांनी तोंड भिंतीकडं वळवलं. बाईला वाटलं, संपलं, आता हा माणूस खांद्याचंच काय पण मिठाचंसुद्धा माझ्याशी बोलणार नाही. मग काडीसारख्या त्या माणसातून एक आवाज आला, जो लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी तिनं ऐकला नव्हता.

"आणि आजची इस्त्री? ती कुणी केली? तिथं कुठं होता तुझा वायरमन? महिनाभर बंद पडलेली इस्त्री, मी उघडली, तार जोडली, तापली की ती. लाल दिवासुद्धा लागला. आतून जरा गुणगुण येत होती म्हणून झाकण लावायच्या आधी बोट घालून बघितलं, एवढंच. प्लग काढायचा राहिला. माणूस आहे, राहतं. पण इस्त्री चालू झाली होती."

आवाज सगळ्या विभागभर गेला. पायाला बर्फ लावून बसलेला एक फुटबॉलवाला मान वर करून बघायला लागला. दारात छोटे डॉक्टर उभे होते, हातात झोळी.

बाई उठली. "लिहा," ती म्हणाली. "विजेचा धक्का."

पोराचं एक चांगलं होतं. कान लाल झाले, पण पाय थांबले नाहीत. झोळी तिथंच टाकून त्यांनी चिठ्ठी लिहिली, धक्का लागलेल्याच्या हृदयाचा आलेख आधी काढायचा असतो हे स्वतःच आठवून तो काढला, तो ठीक निघाला, आणि मास्तरांची खुर्ची स्वतः ढकलत फोटोच्या खोलीत गेले. बाजूनं काढलेल्या फोटोत हाडाचं डोकं खोबणीच्या मागं, दारामागं लपलेल्या पोरासारखं उभं होतं. डॉक्टरांनी फोटो बघितला, बाईकडं बघितलं, आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत निरोप धाडला.

मोठे सर दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात डोक्यावरची टोपी न काढताच आले. मास्तरांना गुंगीचं इंजेक्शन दिलं. चादर आली. गाठ बाईच्या कंबरेमागं मारली. सरांनी विचारलं, नवऱ्याचं आहे, दुसऱ्या कुणाला उभं करू का? बाई म्हणाली की एवढी वर्षं घरात हेच करतेय, ते ओढतात आणि मी धरते. सर हात हळूहळू ओढायला लागले, झटका नाही, घाई नाही, आणि छोट्या डॉक्टरांनी मागून अंगठ्यांनी हाडाला पुढची वाट दाखवली. बाई रेलली. आजवर तिनं हजार वेळा तो आवाज ऐकला होता, ओल्या लाकडाचा खिट्टा बसावा तसा. या वेळी तो आला आणि तिचा तोल गेला. चादर कंबरेला होती म्हणून बरं, नाहीतर पलंग हलण्याआधी बाई हलली असती.

सरांनी दंडाच्या बाहेरच्या बाजूला बोट फिरवून स्पर्श कळतो का ते तपासलं, मनगटाची नाडी बघितली, बोटं हलवायला लावली. सगळं जागेवर. जाता जाता ते छोट्या डॉक्टरांना म्हणाले, हाडाचं डोकं दिव्यासारखं दिसलं की दुसरा फोटो, चिठ्ठीवर कारण म्हणून माझं नाव लिहीत जा.

मागं निखळलेला खांदा झोळीत ठेवला तर पुन्हा मागं जातो. हात कोपरात काटकोनात वाकवून, पंजा समोर, असा ठेवावा लागतो. बाईनं कंबरेपासून मनगटापर्यंत प्लास्टर चढवलं. असं नितळ की शिंप्यानंही नावं ठेवू नयेत. आता तीन आठवडे मास्तर समोरच्याला हात मिळवायला निघाल्यासारखे बसणार होते, आणि दुकानात येणारा प्रत्येक जण हात मिळवूनच जाणार होता.

प्लास्टर वाळेपर्यंत हात धरून ठेवायचा असतो. पाच मिनिटं हलायचं नाही, धरणाऱ्यानंही नाही. नेमके त्याच वेळी छोटे डॉक्टर केसपेपर घेऊन आले. धक्का कसा बसला ते सविस्तर लिहायचं होतं. मास्तरांची गुंगी उतरली होती आणि जीभ मोकळी झाली होती. त्यांनी सांगायला सुरुवात केली ती इस्त्री विकत घेतली त्या वर्षापासून. तार कुठं जळली, ती आपण कशी ओळखली, दुसऱ्या कुणाला ती ओळखता आली नसती, तापमानाची चकती कशी उलटी बसवायची असते. बाईच्या दोन्ही हातांत ओलं, गरम होत चाललेलं प्लास्टर होतं. तिला उठता येईना, हात सोडता येईना, आणि तोंड उघडावं तर हात हलला असता. सव्वीस वर्षांत त्या खोलीत बाईनं पहिल्यांदाच कुणाची हकीकत न दुरुस्त करता ऐकली.

"आणि लिहा," मास्तर शेवटी म्हणाले, "इस्त्री चालू झाली होती."

डॉक्टरांची लेखणी थांबली. हे औषधोपचाराला लागत नाही, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि आधी बाईकडं बघितलं. आठ दिवसांत एवढं तरी ते शिकले होते. बाई प्लास्टरकडं बघत होती. ते केव्हाच कडक झालं होतं. तिनं इस्त्री बघितली नव्हती, लाल दिवाही बघितला नव्हता. न बघितलेल्या गोष्टीला तिनं कधी कुणाला हो म्हटलं नव्हतं.

"लिहा," ती म्हणाली. "चालू झाली होती."

केसपेपरवर तसा रकाना नव्हता. डॉक्टरांनी ते समासात लिहिलं, आडवं, बारीक अक्षरात, आणि खाली नातेवाईक म्हणून बाईनं पांढऱ्या बोटांनी सही केली.